‘नैतिक अधःपतन’ : अर्जावरच्या त्या एका ओळीचं उत्तर कसं शोधायचं

सरकारी नोकरीचा साक्षांकन नमुना, गृहनिर्माण संस्थेच्या निवडणुकीचा उमेदवारी अर्ज, वकिलीच्या सनदेचा अर्ज, शस्त्र परवाना. कागद कुठलाही असो, त्यात कुठेतरी ही ओळ भेटते : ‘नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेल्या अपराधाबद्दल आपणास दोषी ठरवण्यात आले आहे काय?’ ज्यांनी कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही ते ‘नाही’ लिहून पुढे जातात. अडतात ते भावकीच्या भांडणात नाव गोवलं गेलेले, चेक परत गेल्यामुळे खटला झालेले, कॉलेजात असताना मोर्चात पकडले गेलेले, वीस वर्षांपूर्वी दंड भरून सुटलेले. त्यातले काही घाबरून नको ते कबूल करतात, तर काही ‘आपण कुठे अनैतिक वागलो?’ म्हणून बेधडक ‘नाही’ लिहितात. दोन्हीमुळे नुकसान होतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

आधी शब्द सरळ करून घेऊ

गोंधळाची सुरुवात शब्दापासूनच आहे. इंग्रजी कायद्यातला मूळ शब्दप्रयोग ‘मॉरल टर्पिट्यूड’. टर्पिट्यूड हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ ओंगळ, हीन, लाजिरवाणं. म्हणजे तो कृत्याचा ओंगळपणा सांगतो. मराठीत त्याला ‘अधःपतन’ हा शब्द रूढ झाला, आणि अधःपतन म्हणजे खाली घसरणं. घसरतो तो माणूस. त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हळूहळू वाया गेलेला, व्यसनी, बाहेरख्याली माणूस उभा राहतो. कायदा तसा माणूस शोधत नसतो. तो एकच विचारतो : ज्या कृत्याबद्दल शिक्षा झाली, ते कृत्य हीन होतं का? आयुष्यभर सरळ वागलेल्या माणसाने एकदाच खोटी गुणपत्रिका जोडली, तर ते एक कृत्य पुरेसं असतं.

दुसरा फरक ‘नैतिक’ या शब्दात आहे. बोलीत ‘चारित्र्य बरं नाही’ म्हटलं की बहुतेकांना स्त्री-पुरुष संबंधच सुचतात. कायद्यात लैंगिक अत्याचाराचे गुन्हे या वर्गात येतातच, पण रोजच्या खटल्यांत या शब्दाचा खरा भार लबाडीवर असतो : फसवणूक, अफरातफर, लाच, बनावट कागद, खोटी साक्ष, विश्वासाने हाती दिलेल्या पैशाची चोरी.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. एका विवाहित माणसाचे दुसऱ्या विवाहित बाईशी संमतीने संबंध आहेत. गावात, नात्यात याला अधःपतन म्हणतील. पण व्यभिचाराचं भारतीय दंड विधानातलं (भादंवि) कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केलं. गुन्हाच नाही, मग ‘नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेला गुन्हा’ कुठून येणार? (नोकरीच्या वर्तणूक नियमांत याची वेगळी चौकशी होऊ शकते, तो विषय निराळा.) आता दुसरा माणूस. दौऱ्यावर गेलाच नाही, पण हॉटेलचं खोटं बिल जोडून तीन हजार रुपये प्रवासभत्ता उचलला. कचेरीत म्हणतील, ‘एवढं काय, सगळेच करतात.’ त्यावर खटला चालून शिक्षा झाली, तर नैतिक अधःपतनाचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही. रक्कम लहान आहे म्हणून खोटं लहान होत नाही.

लिहिण्याबद्दल एक बारीक पण उपयोगी गोष्ट. ‘अधः’ मध्ये विसर्ग आहे. अनेक जण तिथे अपूर्णविराम टाइप करतात, काही जण ‘अध:पात’ लिहितात. शासन निर्णयात किंवा संस्थेच्या उपविधींच्या (नियमावलीच्या) पीडीएफमध्ये शोधताना पूर्ण शब्द टाकला की काहीच सापडत नाही आणि ‘अशी अट नाही’ असा चुकीचा समज होतो. नुसतं ‘पतन’ आणि मग ‘पात’ टाकून शोधा.

न्यायालयं काय पाहतात

नैतिक अधःपतनाची व्याख्या भारतीय दंड विधानात नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती नाही. कायदे हा शब्द वापरतात आणि अर्थ लावायचं काम न्यायालयांवर सोडतात. न्याय, प्रामाणिकपणा, शालीनता किंवा सदाचार यांच्या विरुद्ध केलेलं कृत्य, हे जुनं वर्णन निकालांमधून वारंवार येतं. पण प्रत्यक्षात हाताशी धरायला उपयोगी पडतात त्या अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९६३ च्या निकालात सांगितलेल्या तीन कसोट्या :

– त्या कृत्याने समाजाच्या सदसद्विवेकाला धक्का बसावा, असं ते आहे का?
– कृत्यामागचा हेतू हीन होता का?
– ते केल्यामुळे करणारा माणूस भ्रष्ट वृत्तीचा, समाजाने तुच्छ लेखावा असा ठरतो का?

याच कसोट्या हरियाणा सरकारने १९७० च्या दशकात आपल्या नोकरभरतीच्या धोरणात घेतल्या, त्यांना गुन्ह्यांची यादी जोडली, आणि पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. भादंवि २९४ म्हणजे सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य किंवा गाणी. या कलमाखाली एका कर्मचाऱ्याला वीस रुपये दंड झाला होता आणि त्यावरून त्याची नोकरी गेली. १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २९४ हे कलम त्या यादीत नाही, आणि नुसत्या त्या दोषसिद्धीवरून नैतिक अधःपतन ठरत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी पाहाव्या लागतील. साधारण दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची शिक्षा सरकारी नोकरीसाठी दोषसिद्धी धरूच नये, असा विचार संसदेने करावा, असंही न्यायालयाने त्यात सुचवलं.

या निकालातून घ्यायची गोष्ट अशी : कलमाचा आकडा अर्धंच उत्तर देतो. गुन्हा कोणी केला, कोणाविरुद्ध केला, कोणत्या परिस्थितीत आणि कसा केला, हे उरलेलं अर्धं.

पहिलं काम : नियमाची ओळ शब्दाशब्दाने वाचा

बहुतेक चुका इथे होतात. ‘गुन्हा नैतिक अधःपतनाचा आहे का?’ हा प्रश्न लोक आधी विचारतात. तो तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. आधी आपल्यासमोरचा नियम काय म्हणतो ते पाहायचं, कारण प्रत्येक कायद्याचं माप वेगळं आहे.

बँकिंग नियमन कायदा, १९४९, कलम १०. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला बँकेने नोकरीत ठेवायचं नाही. इथे किती शिक्षा झाली याला महत्त्व नाही आणि किती वर्षं उलटली यालाही नाही. म्हणूनच बँक कर्मचाऱ्यासाठी हा प्रश्न सर्वांत धारदार असतो.

अधिवक्ता कायदा, १९६१, कलम २४अ. अशा दोषसिद्धीनंतर सनद मिळत नाही, पण सुटकेला दोन वर्षं झाली की ही अपात्रता संपते. नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्यालाही हेच लागू.

पासपोर्ट कायदा, १९६७, कलम ६. इथे दोन अटी एकत्र लागतात : अर्जाआधीच्या पाच वर्षांत दोषसिद्धी आणि किमान दोन वर्षांचा कारावास. एक वर्षाची शिक्षा असेल तर ही विशिष्ट अट लागत नाही. मात्र खटला चालू असेल तर ते पासपोर्ट अडण्याचं स्वतंत्र कारण आहे. तिथे गुन्हा कसला हे पाहिलं जात नाही, संबंधित न्यायालयाची परवानगी आणावी लागते.

शस्त्र कायदा, १९५९, कलम ९. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कितीही मुदतीचा कारावास झाला असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं परवाना नाही. ‘किंवा’ लक्षात घ्या. मारामारीचा गुन्हा नैतिक अधःपतनाचा नाही हे सिद्ध करूनही इथे उपयोग होत नाही.

कंपनी कायदा, २०१३, कलम १६४. संचालकपदासाठी ‘नैतिक अधःपतनाचा असो वा अन्य’ अशा कोणत्याही गुन्ह्यात सहा महिने किंवा जास्त कारावास झाला की शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं अपात्रता. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असेल तर कायमची. इथे अधःपतनावर वाद घालण्यात वेळ घालवू नका, तो मुद्दाच नाही.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत समितीवर येण्यासाठी अट आहे की नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातल्या दोषसिद्धीला सहा वर्षं झालेली असावीत. तुमच्या संस्थेने कोणते उपविधी नोंदवून घेतले आहेत, ते उपनिबंधक कार्यालयाचा शिक्का असलेल्या प्रतीवरच पाहा.

नियम वाचताना चार शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा : ‘आरोप’ की ‘दोषसिद्धी’, ‘शिक्षा’ किती, मुदत ‘कशापासून’ मोजायची, आणि ‘गुन्हा’ म्हटलंय की ‘कृत्य’. शेवटचा फरक किती महागात पडतो ते पुढे ग्रॅच्युइटीत दिसेल.

दुसरं काम : कागद हातात घ्या, आठवणीवर जाऊ नका

‘मिटलं होतं’, ‘सुटलो होतो’ हे शब्द कायद्यात काहीच सांगत नाहीत. कसं मिटलं यावर सगळं अवलंबून.

अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, हा खटला नव्हे. चॅप्टर केसमध्ये पोलिसांनी प्रतिबंधक कारवाई म्हणून जातमुचलका घेतलेला असतो. ती दोषसिद्धी नाही. पण साक्षांकन नमुन्यात ‘अटक, स्थानबद्धता, बंधपत्र’ असं वेगळं विचारलेलं असेल तर तिथे ती सांगावी लागते. पोलिसांनी समरी अहवाल पाठवून प्रकरण बंद केलं असेल तर ती ए, बी की सी समरी आहे हे पाहा. ए म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, बी म्हणजे तक्रारच खोटी, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. आणि तो अहवाल न्यायालयाने स्वीकारला का, याचा कागदही हवा.

तडजोड करण्याजोगा गुन्हा न्यायालयात रीतसर तडजोडीने मिटला तर त्याचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच असतो. उलट, ‘गुन्हा कबूल करा, पाचशे दंड भरा, आजच मोकळे व्हा’ या सल्ल्यावरून ज्यांनी कबुली दिली, त्यांच्याविरुद्ध दोषसिद्धीची नोंद झालेली असते. दंडाची पावती घेऊन घरी आलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही, आणि कित्येकांना ते पहिल्यांदा कळतं ते नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत. तरुण मुलामुलींना असा सल्ला देण्याआधी दहा वेळा विचार व्हायला हवा.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा सोळा अक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने खटला सापडतो. तिथून खटल्याचा क्रमांक (आरसीसी म्हणजे नियमित, एससीसी म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, वगैरे), न्यायालय आणि निकालाची तारीख टिपून घ्या आणि न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करा. निकालपत्राची प्रमाणित प्रत मागा, आणि किरकोळ खटला असेल तर शेवटच्या तारखेच्या रोजनाम्याचीही (त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीची). अनेकदा दोन ओळींचा आदेश तिथेच असतो. जुन्या किरकोळ खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. तसं असेल तर नोंदवहीचा उतारा किंवा ‘कागद उपलब्ध नाहीत’ असं लेखी उत्तर घेऊन ठेवा.

तिसरं काम : कलमाच्या घटकांत लबाडी आहे का ते पाहा

निकालातलं कलम काढा आणि ते सिद्ध व्हायला सरकार पक्षाला काय दाखवावं लागतं ते वाचा. ‘अप्रामाणिकपणे’, ‘कपटाने’, ‘फसवण्याच्या उद्देशाने’, ‘भ्रष्ट मार्गाने’ यांपैकी काही त्या कलमाच्या मजकुरातच असेल, तर उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे. चोरी (न्याय संहिता ३०३), विश्वासघात (३१६), फसवणूक (३१८, म्हणजे जुनं ४२०), बनावट दस्तऐवज (३३६), भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालची लाच : इथे ‘आमचं प्रकरण वेगळं होतं’ हे पटवणं फार अवघड. बलात्कार आणि बालकांवरचे लैंगिक अत्याचार यांबद्दल तर शंकाच नाही.

दुसऱ्या टोकाला निष्काळजीपणाचे गुन्हे आहेत. भरधाव गाडी चालवणं (२८१, जुनं २७९) किंवा हयगयीने मृत्यू (१०६(१), जुनं ३०४अ) यांत जीव गेलेला असतो, दुःख खरं असतं, पण कलमात हीन हेतू नाही. म्हणून हे गुन्हे साधारणपणे या वर्गात बसत नाहीत. परिणाम भयंकर होता म्हणून हेतू आपोआप हीन ठरत नाही.

मधला पट्टा मोठा आहे. तिथे निकालपत्र पूर्ण वाचण्याला पर्याय नाही.

मारहाण. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका बँक कर्मचाऱ्याचं प्रकरण होतं. भादंवि ३२४ (घातक हत्याराने दुखापत) खाली दोषी, परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका, आणि बँकेने बँकिंग नियमन कायद्याचं कलम १० दाखवून नोकरीतून काढलेलं. न्यायालय म्हणालं की प्रत्येक मारहाण म्हणजे नैतिक अधःपतन नव्हे, आणि त्या घटनेतली तर नव्हतीच. पण हाच ३२४ एखाद्या म्हाताऱ्या माणसाला जमीन लिहून दे म्हणून मारल्याचा असेल, तर हेतू बदलतो आणि उत्तरही बदलू शकतं.

चेक परत जाणं. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ मध्ये फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. म्हणून नुसत्या १३८ च्या दोषसिद्धीला आपोआप हा शिक्का बसू नये, हे मांडायला चांगला आधार आहे. त्याच व्यवहारात जोडीला फसवणुकीचं कलमही सिद्ध झालं असेल तर तो आधार निघून जातो.

४९८अ (आता ८५), म्हणजे नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून छळ. कौटुंबिक वाद म्हणून सोडून देता येत नाही आणि सरसकट शिक्काही मारता येत नाही. निकालात पैशासाठी केलेला पद्धतशीर छळ सिद्ध झाला आहे की अधूनमधूनची भांडणं, हे पाहावं लागतं.

खून. लोक गृहीत धरतात आणि बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ येतं. पण अचानक उसळलेल्या भांडणात घडलेल्या सदोष मनुष्यवधात तिन्ही कसोट्या स्वतंत्रपणे लावून बघाव्या लागतात.

कसोट्या लावताना कागदावर तीन ओळी लिहा : हेतू काय सिद्ध झाला, बळी कोण होता, आरोपीच्या पदाचा किंवा त्याच्यावरच्या विश्वासाचा वापर झाला का. प्रत्येक ओळीपुढे निकालपत्रातल्या परिच्छेदाचा क्रमांक टाका. परिच्छेद सापडत नसेल, तर ती गोष्ट सिद्ध झालेली नाही असं समजा, मग फिर्यादीत काहीही लिहिलेलं असो.

चौथं काम : मुदत मोजा

समजा निकाल १४ मार्च २०१९ ला लागला, शिक्षा एक वर्ष, माणूस त्याच दिवशी तुरुंगात गेला आणि १३ मार्च २०२० ला सुटला. सोसायटीच्या उपविधीतली सहा वर्षं दोषसिद्धीपासून, म्हणजे मार्च २०२५ मध्ये संपतात. सनदेची दोन वर्षं सुटकेपासून, म्हणजे मार्च २०२२ मध्येच संपली. शस्त्र परवान्याची पाच वर्षं शिक्षा संपल्यापासून, म्हणजे मार्च २०२५. बँकेसाठी मोजायला मुदतच नाही. एकच माणूस, एकच निकाल, चार वेगळे हिशेब.

अपील दाखल केलं म्हणून काहीच थांबत नाही. जामीन मिळतो तेव्हा सहसा शिक्षेच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळालेली असते. दोषसिद्धी तशीच उभी राहते. दोषसिद्धीलाच स्थगिती हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम ४३०), आणि न्यायालयं ती अपवादानेच देतात. वकिलांना विचारताना ‘स्टे मिळालाय ना?’ असं विचारू नका. ‘कशाला मिळालाय?’ असं विचारा आणि आदेशाची प्रत मागून ती ओळ स्वतः वाचा.

परिवीक्षेवर सुटलेल्यांसाठी १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचं कलम १२ आहे. दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्यांना लागत नाही, आणि अधिवक्ता कायद्यातही त्यांना स्पष्ट सूट आहे. तरी ‘दोषी ठरवलं होतं का?’ याचं उत्तर ‘हो’च राहतं, आणि ज्या वर्तनामुळे शिक्षा झाली त्यावरून खातं कारवाई करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. गुन्हा घडला तेव्हा वय अठराच्या आत असेल आणि प्रकरण बाल न्याय कायद्याखाली चाललं असेल, तर त्या कायद्याच्या कलम २४ मुळे अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरील मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालला असेल, तो अपवाद.

पाचवं काम : अर्जात काय लिहायचं

अर्जातला प्रश्न दोन प्रकारचा असतो. एक, ‘कोणत्याही गुन्ह्यात अटक, खटला, दंड, शिक्षा झाली आहे काय?’ इथे नैतिक अधःपतनाचा विचार करायचाच नाही. जे घडलं ते सगळं लिहायचं, निर्दोष सुटला असाल तरीही. दोन, ‘नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरवले आहे काय?’ इथे दोषसिद्धी नसेल तर उत्तर ‘नाही’. दोषसिद्धी आहे पण ती या वर्गातली नाही असं तुमचं मत असेल, तर नुसतं ‘नाही’ लिहून थांबू नका. सोबत पुरवणी जोडा. मजकूर असा ठेवता येईल :

‘प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, (ठिकाण) यांचे न्यायालयात आरसीसी क्र. … मध्ये भादंवि कलम ३२३ खाली दि. … रोजी मला दोषी ठरवून रु. … दंडाची शिक्षा झाली. दंड त्याच दिवशी भरला. सदर अपराधात नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव नाही असे माझे म्हणणे आहे. निर्णय व्हावा म्हणून निकालाची प्रमाणित प्रत जोडली आहे.’

एवढं पुरे. भांडणात चूक कोणाची होती, फिर्यादी कसा माणूस आहे, हे लिहू नका. पोच घेतलेली पुरवणीची प्रत जन्मभर जपून ठेवा. लपवलं नाही याचा तोच पुरावा.

लपवणं का महागात पडतं, हे २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या निकालात सविस्तर आलं आहे. माहिती खरी असली पाहिजे. तरुण वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब लपवली गेली असेल तर नियोक्ता ती माफ करू शकतो. गंभीर बाब लपवली तर निवड रद्द होऊ शकते. खरं सांगितलं तरी पात्रता तपासायचा नियोक्त्याचा अधिकार राहतो, आणि संशयाचा फायदा मिळून किंवा तांत्रिक कारणाने सुटका झाली असेल तर तो पार्श्वभूमी विचारात घेऊ शकतो. उमेदवाराच्या बाजूचा मुद्दाही त्यात आहे : जे स्पष्टपणे विचारलेलंच नव्हतं ते सांगितलं नाही म्हणून लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. यासाठी भरलेल्या अर्जाच्या नमुन्याची कोरी प्रतही ठेवा, म्हणजे नेमका प्रश्न काय होता हे पुढे दाखवता येतं.

अमेरिकेच्या व्हिसासाठी हा शब्द वेगळ्या अंगाने येतो. तिथल्या स्थलांतर कायद्यात तो १८९१ पासून आहे. डीएस-१६० अर्जात विचारतात ते कधीही अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का, एवढंच. गुन्हा अधःपतनाचा आहे का हे अधिकारी ठरवतो. एकच गुन्हा, त्याला कायद्याने जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा आणि प्रत्यक्ष झालेली शिक्षा सहा महिन्यांच्या आत, अशा किरकोळ गुन्ह्याला तिथे सूट आहे. त्यामुळे निकालपत्राबरोबर कलमातली कमाल शिक्षा दाखवणारा मजकूरही भाषांतर करून न्यावा.

ग्रॅच्युइटी अडवली असेल तर

ग्रॅच्युइटी कायदा, १९७२, कलम ४(६) मधली तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहे. नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरेल असं कृत्य नोकरी करत असताना केलं आणि त्यासाठी नोकरीतून काढलं, तर ग्रॅच्युइटी पूर्ण किंवा अंशतः जप्त करता येते. इथे शब्द ‘कृत्य’ आहे. २०१८ च्या एका निकालावरून अनेकांनी असं धरलं होतं की फौजदारी न्यायालयात शिक्षा झाल्याशिवाय जप्ती नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दोषसिद्धी आवश्यक नाही, खातेनिहाय चौकशीत सिद्ध झालेलं कृत्य पुरे. आजही जुन्या निकालाच्या भरवशावर दावे लावले जातात आणि बुडतात.

पण त्याच निकालात कामगाराच्या उपयोगाची गोष्टही आहे. जन्मतारखेचा बनावट दाखला देऊन नोकरी मिळवलेल्याची पूर्ण ग्रॅच्युइटी गेली. प्रवाशांच्या भाड्याच्या पैशांत गफलत केलेल्या वाहकांच्या बाबतीत मात्र रक्कम किरकोळ असल्याने जप्ती २५ टक्क्यांपुरती ठेवली. म्हणजे ‘किती जप्त करायची’ हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्यावर स्वतंत्र कारणं द्यावी लागतात. नोटिशीला उत्तर देताना चार गोष्टी तपासा : बडतर्फीच्या आदेशात नेमकं हेच कृत्य कारण म्हणून आहे का, ते नोकरीच्या ओघात घडलं का, जप्तीपूर्वी म्हणणं मांडायची संधी दिली का, आणि पूर्ण रक्कम का, याचं कारण लिहिलंय का. एकही गोष्ट कमी असेल तर ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यापुढे अर्ज करायला जागा आहे.

दुसऱ्याबद्दल हा शब्द वापरताना

संस्थेच्या सूचना फलकावर ‘श्री. अमुक यांचे नैतिक अधःपतन झाल्याने’ असं लिहिलेलं वाचायला मिळतं. असं कधीही लिहू नका. दोषसिद्धी नसताना हे लिहिणं बदनामी ठरू शकतं (न्याय संहिता ३५६), आणि दोषसिद्धी असली तरी या शब्दाची गरज नसते. कोणतं न्यायालय, खटला क्रमांक, कलम, निकालाची तारीख आणि कोणत्या उपविधीखाली अपात्रता, एवढं लिहिलं की ठराव टिकतो. छाननीत एखाद्याचा अर्ज फेटाळायचा असेल तर निवडणूक अधिकाऱ्याने निकालपत्राची प्रमाणित प्रत समोर ठेवून, वर सांगितलेल्या तीन ओळी लिहूनच आदेश द्यावा. वर्तमानपत्रातलं कात्रण किंवा एफआयआरची छायाप्रत यासाठी पुरत नाही.